जबड्याचं हाड काढायचं म्हणतात, डॉक्टर...

भाऊ ३६ वर्षांचा. खालचे दोन दात हलत होते म्हणून काढले. जखम भरेना, ओठही बधिर झाला. बायोप्सीत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर आला. त्याने तंबाखूला कधी हात लावलेला नाही. मग हे आलं कुठून? – एक वाचक, डिचोली

तंबाखूवर बोट ठेवायची आपल्याला सवय झाली आहे, आणि ती उगाच नाही. आपल्याकडे जबडा कापावा लागतो तो बहुतेकदा तोंडातल्या आवरणाचा कॅन्सर हाडात शिरल्यामुळे. तुमच्या भावाचा आजार वेगळा आहे. तो हाड तयार करणाऱ्या पेशींतूनच उगवतो. गुडघ्याजवळ तो शाळा-कॉलेजच्या वयात दिसतो, जबड्यात साधारण तिशी-चाळिशीत. काहींनी पूर्वी रेडिएशन घेतलेलं असतं, पण बहुतेकांत कारण सापडत नाही.

बधिर ओठ मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातून जाते. दात हलतोय आणि ओठ बधिर, असं असेल तर दात उपटण्याआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे हवाच. भावाचे दात काढले म्हणून कॅन्सर झाला, असं समजून कुणाशी भांडू नका. तो आधीच तिथे होता.

केमोने गाठ विरघळवून कापाकापी टाळता येईल का? – फोंडा

नाही. ऑस्टिओसार्कोमात रेडिएशनचा परिणामही मर्यादित. केमो कधी आधी, कधी नंतर देतात, पण मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. गाठीभोवतीचं निरोगी हाडही घ्यावं लागतं. 'एवढं का कापलं?' असं नातेवाईक विचारतात. मांसाचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासता येतो, हाडाचं तसं नाही. ते आधी रसायनात मऊ करावं लागतं, त्यात दिवस जातात. म्हणून कडा पहिल्याच वेळी ऐसपैस ठेवायच्या. थोडं काढून बघू, ही दया महागात पडते. ऑपरेशनआधी छातीचा सीटी स्कॅन करून घ्या, कारण हा आजार पसरला तर बहुधा फुफ्फुसात जातो.

आईचा वरचा जबडा काढला. पेज नाकातून बाहेर येते. – पेडणे

टाळूचं भोक बंद करणारी कवळी मिळते. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात कृत्रिम दात-जबड्याच्या विभागात दाखवा. बोलणंही सुधारेल.

खर्च? – साखळी

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ॲडमिट होण्याआधीच काउंटरवर दाखवा. नंतर धावपळ नको.

नवऱ्याचा अर्धा खालचा जबडा जाणार, तिथे पायाचं हाड लावणार. ते चालतील कसे? आणि जेवणार कधी? – काणकोण

पोटरीत दोन हाडं असतात. शरीराचा भार मुख्यतः जाड हाडावर. बाजूचं बारीक हाड आम्ही घेतो, तेही गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग तसाच ठेवून. ते आपल्या रक्तवाहिनीसकट उचलतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे तुकडे करून टायटॅनियमच्या पट्टीवर बसवतात आणि मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. ही वाहिनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते. दिवसभराचं काम, ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून घाबरू नका. पहिले काही दिवस नर्स दर तासाला बसवलेल्या भागाचा रंग बघते. रक्त थांबलं असं वाटलं, तर त्याच रात्री पुन्हा थिएटर.

चालणं साधारण आठवड्याभरात आधाराने सुरू होतं. पाय काही महिने कुरकुरतो. सुरुवातीला अन्न नाकातल्या नळीतून, श्वासासाठी गळ्याला काही दिवस छोटं भोक. नंतर पेज, मग मऊ भात. त्या हाडात दात बसवता येतात, पण बरेच महिने थांबून. चेहरा हुबेहूब पूर्वीसारखा होईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हनुवटी मात्र जागेवर राहते, लाळ गळणं टळतं.

यंदाच्या चवथीला त्यांना नेवऱ्या (करंज्या) नकोत. मणगणें (चणाडाळीची खीर) चालेल, डाळ चांगली शिजवा.