बेरिंबाऊ मिरजेत बनेल का?

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची, विश्रामबागला राहते. वर्षभर कपोएरा (ब्राझीलची, गाण्या-वाद्याच्या तालावर खेळायची लढाईची कला) शिकतेय, किक्स जमायला लागल्यात पण सर म्हणतात वाद्य आणि गाणं आल्याशिवाय कपोएरा अर्धाच. बेरिंबाऊ, म्हणजे त्यातलं धनुष्यासारखं एकतारी वाद्य, बाहेरून मागवायला परवडत नाही, इथे बनवता येईल का? आणि गाणी पोर्तुगीजमध्ये, आधी नेमकं काय शिकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर अगदी बरोबर बोलतायत बघ. रोडाच्या रिंगणात खेळ संथ चालणार की जोरात हे बेरिंबाऊ ठरवतो, खेळणारे नाही. १८९० मध्ये ब्राझीलच्या कायद्यानं कपोएरावर बंदी आणली होती आणि कावालारिया नावाचा जो ठेका आहे ना, तो घोडेस्वार पोलीस आले की सावध करायला वाजवायचे असं जुने लोक सांगतात, ऐकलास की टापाच आठवतात.

पण सुरुवात टाळी आणि कोरसनं कर. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात, कोरीदोमध्ये, म्हणजे कपोएराच्या अशाच गाण्यांत, तेच चालतं, त्यामुळे आपल्या कानाला हे परकं नाहीच. शब्द देवनागरीत लिहून काढ, अर्थ सरांना विचार आणि मगच पाठ कर, नुसती पोपटपंची करू नकोस, त्या गाण्यांत गुलामगिरीचं दुःख आहे गं. मग पांदेइरो घे, आपल्या खंजिरीची मोठी बहीण म्हण, कुणी भजनातला खंजिरीवाला ओळखीचा असेल तर बोटं कशी सोडायची ते त्याच्याकडूनच बघ.

आता बेरिंबाऊ. दांडा, तार आणि भोपळा, एवढंच. ब्राझीलमध्ये दांडा बिरिबा झाडाचा असतो, इथे चांगला वाळलेला, चार-साडेचार फुटी, वाकवला की परत सरळ होणारा बांबू चालतो. तार जुन्या टायरच्या कडेतून काढतात, टायरवाल्याकडे माग, फक्त सोलताना हातमोजे घाल. आणि भोपळ्यासाठी तू तर नशीबवान आहेस, मिरज शेजारीच! तंबोऱ्याचा भोपळा मात्र नको, फारच मोठा पडतो, सतारमेकरांना विचार की पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या मालात नारळाहून थोडा मोठा, त्यांच्या कामाचा नसलेला एखादा आहे का. तोंड कापून आतला गर खरवडून काढ आणि पूर्ण वाळू दे, घाई केलीस तर आवाज मेलेला येतो.

धरताना करंगळी भोपळा दांड्याला बांधणाऱ्या दोरीच्या फासात जाते आणि सगळं वजन तिच्यावरच येतं. पहिले पंधरा दिवस करंगळी इतकी दुखते की मला कपबशीसुद्धा उचलवत नव्हती, म्हणून रोज दहाच मिनिटं वाजव. अंगठा आणि तर्जनीत नाणं किंवा गुळगुळीत दगड धर. दुसऱ्या हातातल्या बारीक काडीनं तार मोकळी मारली की खालचा सूर, दगड दाबला की वरचा, नुसता टेकवला की खरखर. दोन खरखर, एक खालचा, एक वरचा, झाला अंगोला ठेका! शेवटचे दोन उलटे केलेस की साओ बेंतो पेकेनो. भोपळा पोटाला लावून आणि सोडून बघ, आवाज मिटतो आणि उघडतो, तो नाद सापडेपर्यंत नवीन ठेक्याच्या मागे लागूच नकोस.

आणि हो, वाजवून झालं की तार रोज उतरवून ठेव, नाहीतर बांबूची कमान कायमची वाकते.