पगार वाढला, धूरही वाढला

प्रश्न : मी सिडकोत राहतो, अंबडला नोकरी. मुलगा म्हणतो, देश श्रीमंत झाला की हवा आपोआप स्वच्छ होते. खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चिरंजीव अर्थशास्त्र शिकताहेत वाटतं! १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांतल्या शहरांच्या हवेच्या नोंदी तपासल्या. उत्पन्नाबरोबर सल्फर डायऑक्साइड आणि धूर आधी वाढतो, एका टप्प्यानंतर उतरतो, असं त्यांना दिसलं. पालथ्या वाटीसारखा आलेख.

पण तो ‘आपोआप’ खोडा. लंडन श्रीमंतच होतं. तरी डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात हजारो माणसं गेली, तेव्हा कुठे १९५६ चा शुद्ध हवेचा कायदा आला. आणि कार्बन डायऑक्साइड? तो नाकाला झोंबत नाही, म्हणून त्याची घाई कुणालाच नसते.

माझंच सांगतो. सातपूरला सायकलने जायचो. पगार वाढला, स्कूटर आली, मग मोटार. आता द्वारका चौकात काचा वर करून दुसऱ्यांच्या धुराला नावं ठेवतो. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीत नाशिक आहे, त्यात माझाही हातभार असणारच.

मुलगा कॉलेजला कशाने जातो, हे तुम्ही लिहिलं नाहीत.