फ्रेमच्या जुन्या सोनेरी नक्षीला रंग जुळवायचा कसा?

कोपऱ्याचा टवका उडालाय आणि बाजारातला सोनेरी रंग भडक दिसतोय म्हणता. दिसणारच! जुनं काम बहुधा रंगाचं नसून वर्खाचं असतं. टवक्याच्या कडेला तांबूस थर दिसतोय का बघा. दिसला तर आधी खड्ड्यात सरस-खडूची लांबी (खड्डा भरायचा लगदा), त्यावर तसाच गेरूच्या छटेचा हात, मग पितळी वर्ख आणि वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाखेचे पापुद्रे), पातळच. वर्ख उघडा राहिला तर काळवंडतो. चकाकी जास्त वाटली तर किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) चोळून लगेच पुसा. खरी जुळवाजुळव इथेच होते, घाई नको. जुना भाग ओल्या फडक्याने पुसू नका, वर्ख सुटू शकतो. चपड्याचं काम नागपुरी पावसाळ्यात नकोच, दमट हवेत तो पांढुरका पडतो. सामान इतवारी बाजारात विचारून बघा.