गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील अभ्याससहल: थोडी ठिकाणे, पण नीट पाहावीत

सप्रेम नमस्कार.

एम.एस्सी. भूगोलाच्या चाळीस विद्यार्थ्यांना प्रवास धरून आठ दिवसांत आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात न्यायचे असेल, तर पापीकोंडलूच्या डोंगरांमधून जाणारा गोदावरीतला नौकाप्रवास, नदीच्या शाखांमधला कोनसीमा हा भाग, कोरिंग्याची खारफुटी, विशाखापट्टणम आणि अराकू खोरे हे सारे बसवता येईल का, परवानग्या कोणाकडून घ्याव्यात आणि सुरक्षिततेची व्यवस्था कशी असावी, असे आपण विचारले आहे. वेळापत्रकात हे सारे बसेल, परंतु विद्यार्थ्यांचा निम्मा वेळ बसमध्ये जाईल. माझा आग्रह असा आहे की पापीकोंडलू, विशाखापट्टणम आणि अराकू वगळावे, आणि धवलेश्वरमच्या बंधाऱ्यापासून समुद्रापर्यंत एकच रेषा धरून तिच्यावर चार दिवस काम करावे. नदी कोठे फुटते, गाळ कोठे बसतो, गोडे पाणी कोठे संपते आणि किनारा कोठे पुढे सरकतो किंवा मागे हटतो, हे त्या रेषेवर क्रमाने पाहिले तरच त्रिभुज प्रदेश कळतो.

तारखांपासून सुरुवात करतो. पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. १८३९ च्या नोव्हेंबरमध्ये कोरिंगा बंदर उद्ध्वस्त झाले ते चक्रीवादळात, आणि १९९६ च्या नोव्हेंबरमधील वादळाने कोनसीमेत हजाराहून अधिक बळी घेतले. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीला जोडून ही सहल काढू नये. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम, कारण त्या वेळी कालव्यांना पाणी असते, रब्बीचे भात शेतात उभे असते, कोरिंग्यात स्थलांतरित पक्षी असतात आणि उन्हाचा तडाखा सुरू झालेला नसतो. या काळातही कोणते आठ दिवस निवडायचे हे भरती-ओहोटीचे तक्ते पाहून ठरवावे. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ओहोटीला चिखलाचा पट्टा अधिक उघडा पडतो. तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो, आणि समुद्राच्या स्थितीचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो.

मुंबई किंवा पुण्याहून कोणार्क एक्सप्रेसने थेट राजमहेंद्रीला उतरता येते. पहिला दिवस धवलेश्वरमला द्यावा. आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली येथील मूळ बंधाऱ्याचे काम १८४७ मध्ये सुरू झाले आणि १८५२ मध्ये पुरे झाले. आज दिसतो तो दरवाजांचा बंधारा त्याच्या जागी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला आहे. नदीतील बेटांमुळे त्याचे धवलेश्वरम, राली, मद्दूर आणि विज्जेश्वरम असे चार भाग पडतात. याच्याच खाली गौतमी आणि वसिष्ठा या शाखा वेगळ्या होतात. ऑगस्ट १९८६ च्या महापुरात येथून सुमारे ३५ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी गेले होते. फेब्रुवारीत मात्र पाणी कालव्यांकडे वळवलेले असते आणि बंधाऱ्याखाली वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडलेले दिसतात. विद्यार्थ्यांना हे दोन्ही चित्र शेजारी ठेवायला सांगावे आणि मग विचारावे की समुद्रापर्यंत गाळ नेणारे पाणी वर्षातून किती दिवस वाहते. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे, त्यामुळे नाशिक, पैठण, नांदेड किंवा विदर्भातून आलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न स्वतःच्या गावाचा वाटतो. धरणांची साखळी उभी राहिल्यानंतर नदीने समुद्रात टाकलेला गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकात निम्म्याहून कमी झाल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. ही माहिती निघण्यापूर्वी वर्गात द्यावी, म्हणजे पुढे किनाऱ्यावर त्यांना काय शोधायचे ते ठाऊक असेल.

पुढचे दोन दिवस अमलापुरममध्ये मुक्काम करून कोनसीमा पाहावी. हाच सहलीचा गाभा आहे. नारळाच्या बागा आणि हिरवी शेते पाहून विद्यार्थी प्रदेश सपाट आहे असे लिहून मोकळे होतात. उपग्रहचित्रात मात्र किनाऱ्याला साधारण समांतर जाणाऱ्या फिकट रेषा दिसतात. त्या जुन्या किनाऱ्यांवरील वाळूच्या बांधांच्या आहेत, आणि प्रत्येक बांध समुद्र एके काळी कोठपर्यंत होता ते दाखवतो. घरे, रस्ते आणि नारळ बहुधा बांधांवर असतात, तर भातशेती दोन बांधांमधील सखल पट्ट्यात असते. उंचीतला फरक डोळ्यांना जाणवण्याइतका नसतो, म्हणून डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याची दुर्बीण) जरूर न्यावी आणि दोन बांध व त्यांमधला सखल भाग ओलांडणारी एक रेषा विद्यार्थ्यांकडूनच मोजून घ्यावी. वाटेत ठरावीक अंतरावर हाताने माती काढून ती ओली करून बोटांमध्ये वळायला लावावी. बांधावरची वाळू हातातून गळून जाते. सखल भागातील चिकणमातीची लांब वळी होते आणि ती तुटत नाही. त्याच रेषेवरील विहिरी व हातपंपांच्या पाण्याचे थेंब क्षारतामापकाच्या काचेवर ठेवून आकडे लिहून घ्यावेत. समुद्राकडे जाताना ते आकडे कसे बदलतात हे ज्याने स्वतः नोंदवले, त्याला भूजलातील खारेपणाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

शेतकऱ्यांशी बोलण्याचा अर्धा दिवस याच भागात ठेवावा. २०११ च्या खरिपात कोनसीमेतील अनेक शेतकऱ्यांनी भात न लावण्याचा निर्णय घेतला होता. भाव, मजुरी आणि पाण्याचा निचरा न होणे ही त्यामागची कारणे ऐकल्यावर, मुबलक पाणी असलेल्या प्रदेशातही शेती का अडते, हे मुलांना उमगते. कोळंबीच्या तळ्यांविषयी प्रश्न विचारताना सौजन्य बाळगायला सांगावे; शेजारच्या भातशेतीत खारे पाणी झिरपण्यावरून गावांत वाद असतात, आणि आपण तेथे पाहुणे असतो.

किनाऱ्यासाठी वसिष्ठेच्या मुखाजवळील अंतर्वेदी निवडावी. साधा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवला की लोहखनिजाचे काळे कण पिशवीला चिकटतात. चुंबक बाहेर काढला की ते कागदावर पडतात. किनाऱ्यालगत आणि टेकाडाच्या माथ्यावर सारख्याच वजनाची वाळू घेऊन हा प्रयोग केला, तर लाटा आणि वारा कणांची निवड कशी करतात ते दिसते. हे सारे कण दख्खनच्या बसाल्टमधूनच आले, असे मात्र सांगून टाकू नये. पूर्व घाटातील खडकही नदीला असे खनिज पुरवतात, आणि दोन्हींचा वाटा कसा वेगळा करावा हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे खुला ठेवण्यासारखा आहे.

येथे एक नियम निरपवाद असावा: घोट्याच्या वर पाण्यात कोणीही उतरणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, ही घटना आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाने मनात ठेवली पाहिजे. नदीमुखाशी प्रवाह आणि वाळूचे दांडे सतत जागा बदलतात, त्यामुळे पोहता येणाऱ्यालाही अंदाज येत नाही. नौकेबाबतही तीच कठोरता हवी. सप्टेंबर २०१९ मध्ये पापीकोंडलूच्या वाटेवर, कच्चुलुरूजवळ, नदीला पूर असताना पर्यटकांची नौका बुडून अनेकांचे प्राण गेले. परवाना, क्षमता आणि प्रत्येकासाठी बांधता येण्याजोगे जीवरक्षक जाकीट स्वतः तपासल्याशिवाय विद्यार्थ्यांना नौकेत बसवू नये, मग कार्यक्रम रद्द करावा लागला तरी चालेल.

चौथा दिवस काकिनाड्याजवळील कोरिंगा अभयारण्यासाठी. खारफुटीतील लाकडी पायवाटेवर ओहोटीच्या वेळी पोहोचावे. तेव्हाच तिवराची श्वसनमुळे आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतात. गेवा या झाडाचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून फांद्या तोडण्यास सक्त मनाई असावी. समोर होप आयलंड हा वाळूचा लांब दांडा काकिनाड्याच्या उपसागराला आडोसा देतो, तर थोडे उत्तरेला उप्पाडा येथे समुद्र गाव गिळत आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिले तर गाळाची वाढ आणि धूप यांचा संबंध चर्चेला आपोआप येतो.

परवानग्यांबाबत एक गोष्ट लक्षात असू द्यावी. एप्रिल २०२२ मध्ये आंध्र प्रदेशातील जिल्ह्यांची पुनर्रचना झाली. राजमहेंद्री, अमलापुरम आणि काकिनाडा आता तीन वेगळ्या जिल्ह्यांची मुख्यालये आहेत, तेव्हा जुन्या पत्त्यावर पाठवलेले पत्र पोहोचेलच असे नाही. अमलापुरमहून काकिनाड्याला जाताना लागणारे यानम तर पुदुच्चेरीत मोडते, म्हणून बसच्या परवान्याची खात्री आधीच करून घ्यावी. अभयारण्यात नमुने गोळा करायचे असतील तर वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि तिला वेळ लागतो.

चाळीस विद्यार्थ्यांमागे किमान तीन शिक्षक, त्यांत एक शिक्षिका, असे प्रमाण ठेवावे. स्वच्छतागृहांची ठिकाणे मार्गाच्या नकाशावर आधीच नोंदवावीत. ही बाब नियोजनात हमखास राहून जाते, आणि मग मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात व दुपारनंतर आजारी पडतात. क्षेत्रकामाचा टप्पा दोन तासांहून लांब असू नये आणि त्याच्या दोन्ही टोकांना शाळा किंवा खानावळ असावी.

तेलुगूची अडचण दुभाष्या नेमून भागते, पण स्थानिक महाविद्यालयाच्या भूगोल किंवा भूशास्त्र विभागाला सहभागी करून घेणे अधिक चांगले. त्यांचे आठ-दहा विद्यार्थी प्रत्येक गटात मिसळले की गावांत बोलणे सोपे होते. त्यांचे जेवण आणि प्रवास आपल्या अंदाजपत्रकात धरावा, आणि परतल्यावर विहिरींच्या पाण्याच्या नोंदी स्थाननिर्देशांकांसह त्यांच्याकडे पाठवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना किंवा आपल्याच पुढच्या तुकडीला त्याच विहिरी पुन्हा मोजता येतील.