कळलावीचा कंद लावून दोन महिने झाले, कोंब नाही. काय चुकलं? आणि ती दारात असली की घरात भांडणं होतात असं आई म्हणते, हे खरं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात उरकते, कारण दुसऱ्यावर मला बरंच बोलायचं आहे.

पुण्यात फेब्रुवारीत कंद लावलात आणि आता एप्रिल संपत आलाय. काही चुकलेलं नाही, कंद झोपलाय. ही पावसाळ्यातली वेल. दिवाळीच्या आसपास वरचं सगळं वाळून जातं आणि वळीव पडून माती निवेपर्यंत खाली हालचाल नसते. रोज पाणी घालत असाल तर ते मात्र आजच थांबवा, नाहीतर जूनमध्ये कुंडीतून कुजका लगदा निघेल.

आता भांडणांचं.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तिकडे कळलावी कुणी मुद्दाम लावत नाही, गडग्यावर, कुंपणात आपली आपण येते. भाद्रपदात आई आम्हाला तेरड्याबरोबर ही फुलं आणायला पिटाळायची. गौरीचे हात म्हणतो आम्ही त्यांना. एक फूल जवळून बघा म्हणजे नाव का पडलं ते कळेल. कळी हिरवी, खाली मान घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा नागमोडी, जणू कुणी हात वर करून बोटं पसरली आहेत. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, आणि चार दिवसांत तो लाल रंग खालपर्यंत उतरतो.

सासर घाटावरचं. तिथे हीच वेल म्हणजे घरात कळ लावणारी.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहायला आलो. फाटकाजवळ चटईएवढी माती मिळाली, तिथे मी माहेरच्या बांधावरचा कंद आणून लावला. त्या वर्षी गौरींच्या वेळी वेलीवर अकरा फुलं होती. मोजली होती मी. वन्सं आल्या, फाटकातच थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही दारात? तरीच!”

‘तरीच’ म्हणजे काय, तर गावच्या घराच्या वाटणीवरून माझा नवरा आणि थोरले दीर यांचं बोलणं बंद होतं. झालं, खापर वेलीवर. दोन दिवसांनी ऑफिसातून घरी आले तर अख्खी वेल कचऱ्याच्या बादलीत, फुलांसकट. कुणी उपटली ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. मीही नाव घेत नाही, पण त्या दुपारी घरात एकच माणूस होतं.

तेव्हा मला बोलायला सुचलं नाही, आता लिहिते. भावाभावांचं वाजलं जानेवारीत, संक्रांतीला. तेव्हा ही बया जमिनीखाली गाढ झोपलेली. वर आली ती जूनमध्ये. बरं, उपटल्यावर तरी भांडण मिटलं का? पुढे जवळजवळ दोन वर्षं चाललं. खाली राहिलेल्या तुकड्यातून दुसऱ्या वर्षी दोऱ्याएवढा कोंब आला, फूल एकही नाही. तिसऱ्या वर्षी पुन्हा बहरली, आणि त्याच श्रावणात वाटणीपत्रावर सह्या झाल्या. आता मी म्हणू का, वेलीने भांडण मिटवलं म्हणून?

नावातली कळ पोटातली आहे हो, चुलीपाशी लावायची नाही. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी या कंदाचा लेप बेंबीला, तळपायांना लावत. नारदाशी तिचा काही संबंध नाही. तुमच्या आईंना हे वाचून दाखवा. (आवाज चढवू नका, नाहीतर खरंच भांडण होईल.)

लागवडीचं राहिलं. कंद इंग्रजी व्ही सारखा असतो, नांगरासारखा, म्हणून संस्कृतात लांगली. डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, कंदाच्या फांदीच्या टोकाला असतो आणि तो नखाच्या धक्क्याने मोडतो. मोडला की ती बाजू फुकट. कंद आडवा ठेवायचा, वर दोन-तीन इंच माती. निम्मी लाल माती, बाकी वाळू आणि जुनं शेणखत. बारा इंचांपेक्षा लहान कुंडी नको. या वेलीला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच गुंडाळी होऊन पकडतं, त्यामुळे जाड बांबू तिला कवेत येत नाही. तुराट्या रोवा किंवा सुतळी बांधा. काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या आल्या तर हाताने वेचा, एका रात्रीत पानांचा सांगाडा करतात. बी पेरून करायची असेल तर फुलाला तीन-चार वर्षं थांबायची तयारी हवी, माझ्यात ती नव्हती. आणि सह्याद्रीत फिरायला जाऊन कंद उकरून आणू नका, रोपवाटिकेत मिळतात. मी बांधावरचा आणला होता हे मान्य, पण बांध आमचाच होता.

अरे हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. ही वेल विषारी आहे. पान, फूल, बी, कंद, सगळंच. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. तमिळनाडूचं हे राज्यफूल, तिथे शेतकरी बियांसाठी याची शेती करतात, त्यातलं कोल्चिसिन औषधांत जातं, वातरक्ताच्या (गाउटच्या) वगैरे. पण तो मोजूनमापून करायचा कारखान्यातला उद्योग आहे. घरात कंद रताळं समजून खाल्लेली माणसं दगावलेली आहेत. त्यामुळे कंद स्वयंपाकघरात ठेवू नका, हाताळताना हातमोजे घाला, आणि घरात रांगतं मूल किंवा सगळं चावणारं कुत्रं असेल तर यंदा लावूच नका. लेपबिप तर अजिबात नको. माझी आई फुलं आणल्यावर आधी हात धुवायला लावायची, मगच घरात. वन्संनी हे कारण देऊन वेल काढली असती तर मी एक शब्द बोलले नसते, तेव्हा त्यांची नात नुकती रांगायला लागली होती.

तुमच्या कुंडीत जूनअखेरपर्यंत काही दिसलं नाही तरच काळजी करा. तोवर बोट घालून चाचपू नका. एकदा तरी चाचपलं असेलच तुम्ही, देव करो आणि डोळा शाबूत असो.