उजनीच्या काठी रानम्हैस राहील का?

प्रश्न : आमच्या गोठ्यात पंढरपुरी म्हशी असून उजनीच्या फुगवट्यात त्या रोज डुंबतात. गडचिरोलीतील रानम्हशी संपत चालल्याचे वाचून वाईट वाटले. त्यांतील काही इकडे आणून सोडता येणार नाहीत का?
— एक वाचक, करमाळा

उत्तर : आपली तळमळ मोलाची आहे, आणि उत्तराचा धागाही आपल्याच गोठ्यात आहे. म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी फार थोड्या असल्याने भर दुपारी पाण्यात किंवा चिखलात बसल्याखेरीज तिचे अंग निवत नाही; वर वाळलेला चिखलाचा थर गोमाश्यांपासूनही तिला वाचवतो. रानम्हशीची गरज तीच आहे. मात्र तिला नुसते पाणी पुरत नाही. उथळ, बारमाही डबकी, त्यांना लागून पुरुषभर उंचीचे गवत आणि उन्हाच्या वेळी शिरायला नदीकाठची झाडी, हे सारे एकमेकांजवळ लागते. आसामातील काझीरंगात ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे अशी जागा टिकून आहे, म्हणूनच १९८६ पासून संकटग्रस्त गणल्या गेलेल्या या प्राण्याचे बहुतांश कळप आज आसामात आहेत.

उजनीत पाणी आहे, पण उन्हाळ्यात ते ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते आणि उरलेला काठ गुरे चरून काढतात. रानम्हशीला लपायला तेथे गवतच राहत नाही. (नान्नजचे माळरान सुचवणारी पत्रेही येतात, ते आखूड गवताचे कोरडे रान काळविटाचे आणि माळढोकाचे आहे, त्याला तसेच राहू द्यावे.)

त्याहून मोठा धोका आपल्याच जनावरांचा आहे. पाळीव रेडा आणि रानम्हैस यांचा संकर सहज होतो, संकरित वासरांनाही पुढे पिल्ले होतात, आणि काही पिढ्यांत रानटी वाण पाळीव रक्तात विरून जातो. शिवाय लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प हे रोग सामाईक पाणवठ्यावरून पसरू शकतात. उजनीकाठी गावोगाव म्हशी असताना हे दोन्ही टाळणे अशक्य आहे.

म्हणून रानम्हशी वाचवायच्या तर त्या जेथे आहेत तेथेच, म्हणजे सिरोंचा वनविभागातील कोलामार्का येथे वाचवाव्या लागतील. तेथील उन्हाळी पाणवठे आणि गवताळ पट्टे राखणे, गावांतील गुरांचे नियमित लसीकरण करणे आणि पाळीव रेडे जंगलात मोकाट न सोडणे, ही कामे नवे घर शोधण्याआधीची आहेत.