कोलोरॅडोला येणार असशील तर स्कोप पुण्यात घेऊ नकोस

तुझी मेल दोनदा वाचली. जुलैत डेन्व्हरला रुजू व्हायचंय, एच-वन-बी हातात आहे, बालेवाडीला दहा मीटर एअर रायफल मारतोस, रविवारी कवडीपाटला पक्षी बघतोस आणि आता डोक्यात एल्कची, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाची, शिकार शिरली आहे. तुझा प्रश्न असा, की ८५ मिलिमीटर भिंगाचा भारी स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) इथूनच घेऊन जावा का, आणि घ्यायचा तर स्वारोव्स्की, कोवा, झाइस की लायका. आईला अजून ‘शिकार’ हा शब्द सांगितलेला नाही, हेही लिहिलंयस. माझ्या आईला सहकारनगरच्या घरी फोनवर सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “का रे, पगार पुरत नाही का?” तयारी ठेव.

मी चौदा वर्षं फोर्ट कॉलिन्सला आहे. दादा म्हणालास म्हणून मोकळेपणी लिहितो. पुण्यात घेऊ नकोस. एक तर ही सगळी काच आपल्याकडे आयात होऊन येते, त्यामुळे किंमत चढलेली असते आणि दुकानात चार स्कोप शेजारी शेजारी लावून बघायला मिळणं मुश्कील. इकडे ते मिळतं. फक्त पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो बिलात वर लागतो, एवढं लक्षात ठेव. दुसरं कारण मोठं आहे. तू काय बघणार आहेस, कुठून आणि किती वेळ, हे तुला अजून माहीत नाही, आणि पहिल्या वर्षी घेतलेल्या गोष्टी माणूस पुढे विकत बसतो. मी बसलोय.

आधी कागदपत्रांचं बघ. तुझ्यासारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात, हा क्रम चुकवायचा नाही. आणि इकडच्या वकिलाला एकदा विचारून घे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो. रहिवासी दराने लायसन्स हवं तर सलग सहा महिने राज्यात राहिलेलं असावं लागतं. बाहेरच्या माणसाला एल्कचं लायसन्स रहिवाशाच्या दसपटीहून महाग पडतं. तू जुलैत येणार, म्हणजे जानेवारीपर्यंत तू बाहेरचाच. तेव्हा पहिला मोसम बंदुकीशिवाय काढ, नुसतं बघायला जा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार गेली ती गेलीच, त्यामुळे आपल्या पिढीला जनावर शोधायची सवय फक्त पक्ष्यांपुरती आहे. ती कमी नाही, पण निराळी आहे.

आता काचेबद्दल. पुण्यात बसून एक गोष्ट मात्र तू करू शकतोस. कवडीपाटच्या कुणा मित्राकडून स्कोप माग आणि वेताळ टेकडीवर जा. मी गेल्या डिसेंबरात गेलो होतो. सकाळी सव्वासातला सिंहगडाचा टॉवर धुरक्यात निळसर दिसत होता, पण जागच्या जागी होता. ६० पटीवर, म्हणजे साठपट मोठं करून, त्याच्या आडव्या सळया वेगळ्या काढता आल्या. मग डबा खाल्ला, गप्पा मारल्या, आणि अकराच्या सुमारास पुन्हा डोळा लावला तर त्याच सळया पाण्यातल्या काडीसारख्या लवलवत होत्या. ६० वर नुसता लगदा. ४० वर बरा. ३० वर पुन्हा टॉवर. तोच स्कोप, तीच काच, मधे चार तासांचं ऊन. यालाच नेमबाज मिराज म्हणतात, आपलं मृगजळच. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा भिंगासारखी हलत राहते आणि तू जितकी पट वाढवशील तितकी ती थरथरही वाढते. फोर्ट कॉलिन्सच्या पूर्वेला पॉनी नॅशनल ग्रासलँडचं सपाट माळरान आहे, प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखं दिसणारं माळावरचं जनावर) तिथे असतात. तिथे सप्टेंबरात दहानंतर ७० पटीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि २५ पटीचा आयपीस यांत फरक फक्त पैशांचा.

म्हणून पट विकत घेऊ नकोस. पहाटेचा आणि संध्याकाळचा अर्धा तास विकत घे. इथे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच वेळात मोठ्या जनावराची शिकार करता येते, आणि एल्क बाहेर येतो नेमका त्या दोन टोकांना. त्या वेळी हिशोब साधा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भाग, म्हणजे डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा आकार येतो. ८५ला ६०ने भागलं की १.४ मिमी, २५ने भागलं की ३.४. अंधुक उजेडात बाहुली त्याहून मोठी उघडलेली असते, म्हणजे ६०वर तुझा डोळा उपाशीच राहणार. १०×४२ची, म्हणजे दहा पट आणि ४२ मिमी भिंगाची, दुर्बीण ४.२ देते. म्हणून त्या अर्ध्या तासात चार हजार डॉलरच्या स्कोपपेक्षा ट्रायपॉडवर बसवलेली चांगली दुर्बीण जास्त जनावरं दाखवते.

हे वाक्य पुन्हा वाच, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. पैसे आधी दुर्बिणीत, मग ट्रायपॉडमध्ये, शेवटी स्कोपमध्ये. दुर्बीण हातात धरून बघणं आणि स्टडवर (दुर्बीण ट्रायपॉडला अडकवायच्या खुंटीवर) बसवून ट्रायपॉडवर बघणं यांत इतका फरक आहे की पहिल्यांदा करशील तेव्हा हसू येईल. समोरच्या उताराचे मनात पट्टे पाडायचे, एकेक पट्टा सावकाश चाळायचा. आख्खं जनावर शोधायचं नाही. उभ्या झाडांत एखादी आडवी रेघ, हललेला कान, सावलीतला पिवळट पार्श्वभाग एवढंच शोधायचं. काही दिसलं की मगच स्कोप.

ट्रायपॉड कार्बनचा, मधला दांडा शक्यतो वर न काढता वापरायचा, आणि खाली हुकला सॅक लटकवायची. डोकं फ्लुइड हेडचं घे, म्हणजे धक्का न बसता संथ फिरणारं. फोटोवाल्यांचं बॉल हेड अशा कामाला वैताग आणतं, एक बाजू सोडली की सगळंच कलंडतं.

तिसऱ्या वर्षीचं सांगतो. कॅमेरॉन पासच्या पलीकडे, १०,००० फुटांच्या (साधारण ३,००० मीटरच्या) आसपास, ऑक्टोबरची पहाट. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आणि तुझं डेन्व्हरच १,६०९, यावरून उंचीचा अंदाज घे. साधारण किलोमीटरभर पलीकडे अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या कडेला एक नर एल्क. आमच्या भागात नियम असा होता, की एका शिंगाला किमान चार टोकं हवीत किंवा कपाळावरचं टोक किमान पाच इंच हवं, तरच तो नर मारता येतो. माझ्याकडे तेव्हा जुना घेतलेला ८०चा अवजड स्कोप आणि घरात फोटो काढायचा हलका ट्रायपॉड होता. वारा सुटलेला. ६०वर पाहिलं तर शिंगांना कधी चार टोकं, कधी पाच, कधी मागची फांदीच शिंग झालेली. सोबतचा म्हातारा शिकारी काही न बोलता पुढे आला. त्याने ट्रायपॉडचे पाय आत ढकलून त्याला पार जमिनीशी आणला, माझी सॅक खाली अडकवली आणि झूम ३०वर ओढला. चित्र लहान झालं आणि थांबलं. तीन टोकं. कपाळावरचं टोक आखूड, पाच इंच भरेल की नाही कुणास ठाऊक. आम्ही तो सोडला आणि थर्मासमधली कॉफी प्यायलो.

म्हणून अँगल्ड बॉडी घे, म्हणजे आयपीस वर तिरका वळवलेली, सरळ नको. डोळा वरून लावायचा असल्यामुळे ट्रायपॉड बुटका ठेवता येतो, वारा कमी लागतो, तासभर बसलं तरी मान धरत नाही. सरळ बॉडी गाडीच्या खिडकीतून बघायला आणि चटकन नेम धरायला सोपी, एवढंच तिच्या बाजूने.

आकार: मी आता ६५ वापरतो. पाठीवर नेणार असशील तर ८५चा वर्ग पावणेदोन-दोन किलोंचा होतो, त्यावर ट्रायपॉड, पाणी, बंदूक आणि नशीब असेल तर परतताना मांस. गाडीजवळूनच बघणार असशील तर ८५ किंवा ९५ खुशाल घे. अगदी हलकं हवं तर कोवाचा ५५ मिमीचा किंवा स्वारोव्स्कीचा १७-४०×५६ एटीसी, दोन्ही किलोच्या आत. या छोट्यांना हसू नकोस, उन्हातल्या मिराजमध्ये मोठ्यांचंही तेवढंच चालतं.

ब्रँडचं म्हणशील तर, स्वारोव्स्कीच्या एटीएक्समध्ये एकाच आयपीसला ६५, ८५, ९५, ११५ अशी पुढची नळी बदलता येते, आणि बीटीएक्स लावलं की दोन्ही डोळ्यांनी बघता येतं. तासन्‌तास बसणाऱ्याला ते सुख आहे. कोवाच्या ८८ मिमीमध्ये खरं फ्लोराइट क्रिस्टल (रंगीत झालर कमी करणारी काच) आहे आणि माझ्या डोळ्यांना मिळणाऱ्या चित्राच्या मानाने ते पैसे सार्थ वाटतात. लायकाची २५-५० ची रुंद चौकट मला फार आवडते, पट कमी आहे ही तक्रार मिराजने कधीच निकालात काढली. झाइस हार्पिया मी थोडाच वापरलाय. व्हॉर्टेक्स रेझर ८५ या सगळ्यांच्या पुष्कळ खालच्या किमतीत मिळतो, आणि वॉरंटी आयुष्यभराची, वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली तरी चालणारी. पहिला स्कोप म्हणून तो घेतलास तर मी नावं ठेवणार नाही.

पण मॉडेल पारखू नकोस, तुझ्या हातात येणारा नग पारख. एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघत नाहीत. परीक्षा तुला पुण्यातच शिकता येईल: पांढऱ्या आभाळासमोर तारेवर बसलेला कावळा. मोठ्या पटीवर त्याच्या पाठीच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते का बघ. मग फोकस पुढे-मागे कर. चांगल्या नगात चित्र एका जागी टचकन बसतं. वाईटात ते ‘बसलं का अजून थोडं?’ असं करायला लावतं. चष्मा लावतोस, तर चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का तेही सगळ्यात मोठ्या पटीवर तपास.

लांब पल्ल्याबद्दल विचारलंयस. स्कोपमध्ये जवळ दिसणारं जनावर जवळ नसतं. ६०० यार्डांवर गोळी पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो आणि छातीऐवजी पोटात लागते. माझी मर्यादा ३०० यार्ड, ती मी मोडत नाही. स्पॉटिंग स्कोप उरलेलं अंतर कुठून चालायचं ते ठरवायला असतो. मिल रेटिकलचा (आत मोजमापाच्या खुणा असलेला) स्कोप रेंजवर जोडीदाराला गोळी कुठे लागली ते सांगायला छान, डोंगरावर मला त्याची गरज पडलेली नाही.

आलास की कळव. ऑगस्टमध्ये माझा ६५ आणि ट्रायपॉड आठवडाभर घेऊन जा, वॉल्डनच्या बाजूला मूस (एल्कहूनही थोराड हरीण) बघत बस आणि मग ठरव. सुटकेसमध्ये स्कोपची जागा मोकळी राहीलच. तिथे माझ्यासाठी कांदा-लसूण मसाल्याची दोन पाकिटं टाक, इकडचा संपलाय आणि फ्रीझरमध्ये एल्कची मांडी पडून आहे.